लग्नाची ४० वर्षं आणि आलिशान रेल्वे: गाडी नंतर निवडा, संध्याकाळ आधी

तुम्ही विचारलं आहे की सांगलीत राहणाऱ्या आईबाबांच्या लग्नाला येत्या मे महिन्यात ४० वर्षं पूर्ण होतील, त्यानिमित्त त्यांना राजेशाही गाडीने फिरवायचं आहे. डेक्कन ओडिसी, महाराजा एक्सप्रेस, पॅलेस ऑन व्हील्स आणि गोल्डन चॅरियट यांतली सगळ्यांत चांगली कोणती? दोघंही शाकाहारी, बाबांना मधुमेह, आईचे दोन्ही गुडघे दुखतात आणि दोघांनाच पाठवायचं आहे, एवढा तपशील तुम्ही दिला आहे. हा तपशील फार महत्त्वाचा आहे, कारण उत्तर गाडीच्या नावापेक्षा त्यावरच जास्त अवलंबून आहे.

या चारही गाड्यांत गालिचे, पितळी नक्षी, केबिनला जोडलेली न्हाणी, दोन भोजनयान, बार हे सगळं आहे. थाटात फरक आहे, पण लग्नाच्या वाढदिवसाची सहल फसते ती थाट कमी पडला म्हणून नव्हे. वाढदिवसाच्या संध्याकाळी नेमकी आठ तासांची भटकंती आलेली असते. केबिनमध्ये दोन वेगळे पलंग निघतात. तिसऱ्या दिवशी पायऱ्या चढून गुडघे सुजतात आणि उरलेले दिवस आई खिडकीशी बसून काढते. म्हणून मी उलट्या क्रमाने विचार करतो: आधी ती एक संध्याकाळ कुठे आणि कशी जायला हवी ते ठरवायचं, मग शरीराला झेपेल असा मार्ग, मग केबिन आणि शेवटी गाडी.

पहिली अडचण तारखेचीच आहे. आपल्याकडे लग्नं लागतात वैशाख-ज्येष्ठात आणि या गाड्या धावतात साधारण ऑक्टोबर ते मार्च, फार तर एप्रिलपर्यंत. राजस्थानातलं ऊन, मग पावसाळा, अभयारण्यांची पावसाळी सुट्टी यांमुळे मे महिन्यात फेऱ्या नसतात. तारीख धरा की तिथी, दोन्ही उन्हाळ्यातच येणार. तेव्हा मे महिन्यात घरी चार माणसं बोलवून साजरं करा, त्या दिवशी आईबाबांच्या हातात प्रवासाचं पाकीट ठेवा, आणि प्रवास मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा. यात एक व्यावहारिक फायदाही आहे. मे महिन्यात पुढच्या हंगामाचं बुकिंग केलंत तर केबिन निवडायला वाव राहतो. ऑक्टोबरमध्ये डिसेंबरची फेरी शोधायला गेलं की उरलेलं घ्यावं लागतं.

मे महिन्यात त्याच तारखेला रेल्वेतच बसायचं असा हट्ट असेल, तर तो प्रवास वेगळ्या जातीचा होईल. मुंबई-पुणे मार्गावरच्या डेक्कन क्वीनला किंवा मुंबईहून मडगावला जाणाऱ्या जनशताब्दीला व्हिस्टाडोम डबा असतो. ४४ आसनं, मोठ्या काचा, काचेचं छत आणि खिडकीकडे फिरवता येणारी खुर्ची. पुढे दोन रात्री चांगल्या हॉटेलात. खर्च काही हजारांत बसतो. फक्त मे महिन्यात घाट कोरडा असतो आणि काचेच्या छतातून दुपारचं ऊन डोक्यावर येतं, म्हणून डेक्कन क्वीनची मुंबईहून संध्याकाळी सुटणारी फेरी धरा.

आता मार्ग. तुमच्या प्रश्नाचा सूर डेक्कन ओडिसीकडे झुकलेला दिसतो आणि ते साहजिक आहे. ती महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची, २००४ साली सुरू झालेली, करोनाच्या खंडानंतर २०२३ मध्ये पुन्हा रुळावर आलेली आपली गाडी. तिच्या महाराष्ट्र फेरीत नाशिक, वेरूळ, अजिंठा, कोल्हापूर, गोवा, कोकण असे थांबे येतात. अमेरिकेत ३० वर्षं काढलेल्या मराठी जोडप्याला ही फेरी मी डोळे मिटून सुचवेन. पण सांगलीकरांना कोल्हापूर म्हणजे एसटीने तासा-दीड तासाचं अंतर. अंबाबाईच्या दर्शनाला जे वर्षातून दोनदा जातात, त्यांना तिथे बसमधून मार्गदर्शकासह नेण्यात काय हशील? याच गाडीच्या गुजरात किंवा राजस्थानकडच्या फेऱ्या असतात, त्यांचा विचार जरूर करा. डेक्कन ओडिसी घ्यायची आणि सगळे थांबे ओळखीचे निघायचे, असं मात्र होऊ देऊ नका.

पॅलेस ऑन व्हील्स ही या सगळ्यांत जुनी, २६ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेली. सात रात्रींत जयपूर, सवाई माधोपूर, चित्तोडगड, उदयपूर, जैसलमेर, जोधपूर, भरतपूर, आग्रा. यादी वाचायला सुंदर, गुडघ्यांना कठीण. उदयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये अरुंद, उंच पायऱ्यांचे जिने आहेत, जैसलमेरच्या किल्ल्यात फरसबंद चढावरून चालावं लागतं. जोधपूरच्या मेहरानगडावर लिफ्ट आहे, आमेरला जीप वरपर्यंत जाते, चित्तोडवर गाडी फिरते, हे खरं. पण सलग सात दिवस रोज एक किल्ला हा भार साठत जातो. पहिल्या दोन दिवसांत काही वाटत नाही, चौथ्या दिवशी सूज येते.

आयआरसीटीसीची महाराजा एक्सप्रेस २०१० सालची, २३ डब्यांची आणि जास्तीत जास्त ८८ प्रवाशांची. थाटात ती सर्वांत वरची आणि भाड्यातही. तिची तीन रात्रींची एक छोटी फेरी असते: दिल्ली, आग्रा, रणथंबोर, जयपूर, परत दिल्ली. ‘आठवडा फार होतो’ म्हणणाऱ्यांना ती मोहात पाडते. दोन गोष्टी लक्षात घ्या. छोट्या फेरीचा दर रात्रीमागे सहसा मोठ्या फेरीपेक्षा महाग पडतो. आणि डिसेंबर अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत उत्तरेत धुकं असतं. गाड्या आणि विमानं तासन्‌तास रखडतात, रणथंबोरची पहाटेची उघडी सफारी हाडं गोठवते, आणि ताजमहाल धुक्यात अदृश्य होण्याची शक्यता असते. उत्तरेची फेरी घ्यायचीच तर नोव्हेंबरचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी घ्या.

तुमच्या आईबाबांसाठी मी पहिल्यांदा गोल्डन चॅरियट पाहीन. कर्नाटकची ही गाडी २००८ साली सुरू झाली, हंपीच्या विठ्ठल मंदिरातल्या दगडी रथावरून तिचं नाव पडलं, आणि आता आयआरसीटीसी ती चालवते. पाच रात्रींची कर्नाटक फेरी बेंगळुरूहून निघते आणि बंडीपूर, म्हैसूर, हळेबीडू, चिक्कमगळूरू, हंपी, गोवा करत परत येते. पाच रात्री म्हणजे ना घाई ना कंटाळा. म्हैसूरच्या राजवाड्यात दरबार हॉलसाठी जिना चढावा लागतो, पण रोजच्या किल्ल्यांसारखी चढण नाही. हळेबीडूचं होयसळेश्वर मंदिर उंच गडावर नाही, थोड्या पायऱ्या चढल्या की शिल्पं डोळ्यांसमोर. हंपीत विठ्ठल मंदिराकडे जायला बॅटरीवरची वाहनं आहेत. शिवाय मिरजेहून बेंगळुरूला थेट रात्रीची रेल्वे आहे, त्यामुळे मुंबई किंवा दिल्ली गाठण्याचा वळसा वाचतो. हिच्या फेऱ्या मात्र वर्षातून मोजक्याच असतात, त्यामुळे तारखा जाहीर झाल्या की लगेच हालचाल करावी लागते. आईबाबांनी हंपी-म्हैसूर आधीच दोन-तीनदा पाहिलं असेल तर माझं मत बदलेल. ते त्यांना विचारून घ्या, फक्त कारण सांगू नका.

केबिनबद्दल जरा तपशिलात सांगतो, कारण पैसे इथे जातात आणि पश्चात्तापही इथेच होतो. आपल्या ब्रॉडगेज डब्याची रुंदी सव्वातीन मीटरच्या आसपास. त्यातून बाजूचा बोळ वजा करा. उरलेल्या जागेत पलंग, कपाट आणि न्हाणी बसवायची असते. महाराजा एक्सप्रेसमध्ये एका डब्यात चार डिलक्स केबिन, किंवा तीन ज्युनियर सूट, किंवा दोन सूट बसतात आणि प्रेसिडेन्शियल सूट तर अख्खा डबा व्यापतो. म्हणजे वरचा वर्ग घेतल्यावर मिळते ती डब्याच्या लांबीतली जागा. रुंदी सगळ्यांना तेवढीच, त्यामुळे फार मोठ्या हॉटेलच्या खोलीची अपेक्षा कुठल्याच वर्गात ठेवू नका. माझा अनुभव सांगतो की दिवसभर बाहेर फिरणाऱ्या जोडप्याला डिलक्स पुरतं. तुमच्या बाबतीत मात्र आई एखाद दिवशी गाडीतच थांबण्याची शक्यता आहे, म्हणून बसायला वेगळी खुर्ची-सोफा असलेला वर्ग परवडत असेल तर तो खर्च सार्थकी लागेल.

पलंगाचं आधी लेखी ठरवा. गोल्डन चॅरियटमध्ये ४० केबिन आहेत, त्यांतल्या १३ डबल बेडच्या, २६ दोन स्वतंत्र पलंगांच्या आणि एक दिव्यांगांसाठी. लग्नाच्या वाढदिवसाला येणारी जोडपी काही कमी नसतात, त्यामुळे डबल बेड आधी संपतात. ‘विनंती नोंदवली आहे’ हे उत्तर पुरेसं मानू नका. पावतीवर किंवा ईमेलमध्ये ‘डबल बेड नक्की’ असे शब्द हवेत. अर्थात ४० वर्षांच्या संसारानंतर स्वतंत्र पलंगावर शांत झोप लागते असं म्हणणारीही कितीतरी जोडपी आहेत. आई रात्री दोन-तीनदा उठत असेल तर स्वतंत्र पलंग उलट सोयीचे. हे तुम्ही गृहीत धरू नका, सहज बोलण्यात काढून घ्या.

डब्यातली जागाही मागून घेता येते आणि हे फार थोडे लोक मागतात. चाकांचे सांगाडे डब्याच्या दोन्ही टोकांखाली असतात, म्हणून मधल्या केबिनमध्ये धक्के आणि खडखड कमी. टोकाच्या केबिनला शिवाय दाराची उघडझाप आणि दोन डब्यांमधल्या जोडाचा आवाज. जनरेटर असलेल्या डब्याच्या शेजारचा डबा टाळा, त्याची घरघर रात्रभर जाणवते. आणि भोजनयानापासूनचं अंतर विचारा. वीस-बावीस डब्यांची गाडी जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब असते. तुमचा डबा एका टोकाला असेल तर दिवसातून तीनदा, हलत्या गाडीत, अरुंद बोळांतून आणि डब्यांच्या सांध्यांवरून आईला चालावं लागेल. भोजनयानापासून एक-दोन डबे दूर, डब्याच्या मधली केबिन: एवढी एक ओळ बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहा.

न्हाणीत शॉवर, कमोड, गरम पाणी असतं. पण फरशी ओली राहते आणि उंबरा असतो. धरायला आधाराचा दांडा आहे का, विचारा. आंघोळ गाडी उभी असताना उरकायची हा साधा नियम दोघांना सांगून ठेवा. या गाड्या बहुतेक रात्री धावतात आणि दिवसा स्टेशनात उभ्या असतात, त्यामुळे सकाळी नाश्त्याच्या आधी तशी वेळ बऱ्याचदा मिळते.

त्यातूनच एक गैरसमज दूर करायला हवा. हातात चहाचा कप, बाहेर सरकणारा देखावा, असं चित्र तुमच्या मनात असेल तर ते पहाटे आणि संध्याकाळी तासभर मिळेल. बाकी प्रवास अंधारात होतो. पहिल्या रात्री झोपही नीट लागत नाही. इंजिन बदलताना धक्का बसतो, मधल्या स्टेशनवर घोषणा ऐकू येतात. कानात घालायचे बोळे न्या. याच कारणाने उत्सवाची संध्याकाळ पहिल्या दिवशी ठेवू नका. शेवटची संध्याकाळही नको, तेव्हा मन सामान बांधण्यात असतं. पाच रात्रींच्या फेरीत दुसरी किंवा तिसरी संध्याकाळ उत्तम. अंगाला गाडीची सवय झालेली असते, कर्मचाऱ्यांना नावं आणि आवडीनिवडी कळलेल्या असतात, आणि थकवा अजून साचलेला नसतो.

ती संध्याकाळ कोणती हे ठरवायला फेरीचा तासवार कार्यक्रम मागवा, नुसतं माहितीपत्रक नको. पाहायचं ते इतकंच: त्या दिवशी दुपारनंतर काय आहे, जेवण गाडीत आहे की बाहेर एखाद्या हॉटेलात सगळ्या गटाबरोबर, आणि गाडी किती वाजता सुटते. दुपारी तीन-चारपर्यंत परत आणून सोडणारा दिवस शोधा. म्हैसूरचा थांबा रविवारी किंवा सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी येत असेल तर संध्याकाळी राजवाड्याची रोषणाई असते. ती पाहून परत येऊन जेवण, याहून वेगळा देखावा विकत घ्यायला नको. बंदचे वारही तपासा: अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी, ताजमहाल शुक्रवारी बंद. गाडीवाले फेरी त्यानुसारच आखतात, पण गाडीच्या आधी-नंतर तुम्ही स्वतः जोडलेल्या दिवसांना हे लागू पडतं.

प्रत्यक्ष सोहळ्यासाठी तीन आठवडे आधी ईमेल करा आणि निघण्यापूर्वी चार दिवस फोन करून पुन्हा विचारा. दोन माणसांचं कोपऱ्यातलं टेबल, केक, केबिनची फुलांची सजावट, एवढं सहज होतं. केक बिनअंड्याचा, आणि बाबांचा मधुमेह पाहता अर्धा किलोपेक्षा मोठा नको. उरलेला सहप्रवाशांत वाटला जातो. वेगळी खासगी खोली भोजनयानात नसते, तेव्हा तशी अपेक्षा नको. गाद्यांवर ओल्या गुलाबपाकळ्या पसरण्याऐवजी ताटात ठेवायला सांगा, डाग पडतात आणि रात्री झोपताना झटकत बसावं लागतं. गजरा मात्र म्हैसूरच्या बाजारातूनच ताजा घ्या.

औक्षणाचा मुद्दा खास आपला. आई निरांजन, कापूर, काडेपेटी पिशवीत घालेलच. ज्वालाग्राही वस्तू गाडीत नेणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, आणि गालिचे-पडदे-लाकूड असलेल्या बंद डब्यात उघडी ज्योत खरोखर धोक्याची आहे. केकवरच्या मेणबत्तीलाही कर्मचारी बहुधा नकार देतील, आणि त्यांचं बरोबर असतं. कुंकू, अक्षता, सुपारी, बॅटरीवरचं छोटं निरांजन एवढं ताट न्या. खऱ्या ज्योतीचं औक्षण निघण्याच्या आदल्या संध्याकाळी घरी करा, तुम्हालाही त्यात असता येईल.

जेवणाबाबत, शाकाहार ही अडचण नाही, चव आणि वेळ आहे. परदेशी पाहुणे धरून मसाला बेताचा ठेवलेला असतो. तिखट वेगळं मागितलं की देतात. एखाद्याचा उपवासाचा वार येत असेल तर दिवस आणि चालणारे पदार्थ लिहून कळवा. ‘उपवास’ एवढंच लिहिलंत तर फळांची थाळी येईल, कारण साबुदाणा-भगर त्यांच्या डोळ्यांसमोर नसते. रात्रीचं जेवण भटकंतीनंतर बऱ्याचदा उशिरा होतं. बाबा इन्सुलिन किंवा गोळी ठरावीक वेळेला घेत असतील तर संध्याकाळी सहाला खायला खाकरा, फुटाणे जवळ हवेतच. औषधं दुप्पट दिवसांची घ्या आणि हातातल्या पिशवीत ठेवा. गाडीत प्रथमोपचार असतोच, डॉक्टर कसा आणि कुठे मिळेल ते विचारून ठेवा.

आईच्या गुडघ्यांसाठी आणखी दोन सूचना. रोजच्या कार्यक्रमातून एक थांबा आधीच सोडून द्यायचा, हे प्रवासापूर्वी ठरवा. मग तिथे ‘माझ्यामुळे बाबांचं राहिलं’ असं होत नाही. आणि जंगल सफारीत जीपची पायरी उंच असते, धक्केही बसतात. बंडीपूरला बाबांना एकट्याला जाऊ द्या, किंवा आईला पुढच्या बाजूची जागा आणि चढायला छोटा स्टूल मागा. काही छोट्या स्टेशनांवर फलाट गाडीला पुरत नाही, तिथे शेवटच्या डब्यातून उतरणं अवघड होतं. मधला डबा मागायचं हे आणखी एक कारण.

सामान म्हणजे प्रत्येकी एक मऊ बॅग. टणक मोठ्या सुटकेसला पलंगाखाली जागा होत नाही आणि आठवडाभर ती पायात येते. एक पैठणी पुरे, सुती पिशवीत घडी घालून. तिच्याबरोबर सपाट, न घसरणारी चप्पल.

पैशांचं आता. भाडं सांगितलं जातं ते ‘प्रति व्यक्ती, दोघांत एक केबिन’ या हिशेबाने, म्हणून दुप्पट करून पाहा. आठवड्याच्या फेरीचा दोघांचा आकडा दहा लाखांच्या घरात सहज जातो. भारतीयांसाठी रुपयांतला दर मागा, आणि विचारा: जीएसटी धरून की सोडून, नाताळ-नववर्षाचा अधिभार आहे का, मद्य, कपडे धुणं आणि स्पा यांपैकी काय आत आहे, रद्द केल्यास कोणत्या तारखेपर्यंत किती कापलं जातं, आणि कंपनीनेच फेरी रद्द केली तर पूर्ण परतावा मिळतो की पुढची तारीख. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. पुरेसे प्रवासी नसले की फेरी पुढे ढकलली जाऊ शकते, म्हणून बेंगळुरूचं परतीचं तिकीट काढतानाही बदलता येईल असंच काढा.

बेंगळुरूला एक दिवस आधी पोचवा. रात्रीच्या गाडीने त्याच सकाळी पोचून दुपारी आलिशान गाडीत चढणं कागदावर जमतं, पण चार तास उशीर झाला तर ही गाडी कुणासाठी थांबत नाही. स्टेशनजवळच्या हॉटेलात एक रात्र, सकाळी निवांत आंघोळ, दोघांची मूळ ओळखपत्रं हातातल्या पिशवीत, आणि हॉटेलातून स्टेशनपर्यंतची टॅक्सी आदल्या दिवशीच ठरवलेली.